आईला दोन हात होते

उटनूर
८ जानेवारी २०२६, गुरुवार

फुला,

जय भीम. हे रिवाज म्हणून लिहिलं आहे, त्यात प्रेम शोधत बसू नकोस.

तुझ्याशी बोलणार नाही असं मी तुझ्या मुलाच्या, अमरदीपच्या लग्नात म्हटलं होतं. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. तेव्हा माझा शब्द मोडलेला नाही. आणि शुद्ध मराठीत लिहिते आहे याचं नवल करू नकोस. जन्मभर मराठी शाळेत मास्तरकी केली, चिडले की मला शुद्धच सुचतं.

आधी तुझ्या लेकीला सांग की मावशी एवढी भोळी नाही. प्रगतीचा पुण्याहून फोन आला. "मावशी, तू रिकामी बसून काय करते? म्हाताऱ्या लोकांसाठी फोनवर चित्रकलेचा वर्ग हाय. लहानपणी काय खाल्लं, घरात कोण काय रांधायचं, त्याचे चित्रं काढायचे. मी तुह्यं नाव टाकलं." मला वाटलं, पोरीला माझी काळजी आहे. मी रंग आणले, चष्मा पुसला, फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि बसले. चौकटी उघडल्या. एकीत सांगलीचे निवृत्त बँक मॅनेजर, एकीत नाशिकच्या दोघी विहिणी, आणि खालच्या कोपऱ्यात कोण, तर माझी सख्खी धाकटी बहीण. तूसुद्धा दचकलीस, नाही म्हणू नकोस. तुझा फोन लगेच वर वळला आणि आम्ही सगळे बराच वेळ तलमडुगूच्या तुझ्या घरातला पंखा बघत बसलो.

उत्कर्षा मॅडम बोलायला गोड आहेत, पण दर दोन वाक्यांनी "मनातून उतरू द्या" म्हणतात. मनातून काय उतरवायचं, मला तर कढईतलं उतरवायची सवय. मी गुपचूप अंबाडीची भाजी काढली. ती चिखलासारखी दिसली, पण अंबाडीची भाजी दिसतेच तशी. मग तुझं चित्र आलं. मॅडम म्हणाल्या, "वा, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल ना?"

मला हसू आलं. पण तू समजावून सांगायला लागलीस आणि माझं हसू गेलं. "टावेल नाई मॅडम, रोटी हाय. आमची माय पालथ्या मडक्यावर टाकायची. लांब रोटी. आमच्या घरी लग्नात हेच रायते."

आमच्या घरी लग्नात हेच राहते? हे तू बोललीस, आणि माझ्या देखत?

मग ऐक, अमरदीपच्या लग्नात काय राहिलं होतं. आई गेल्यापासून आपल्यात कोणाचंही लग्न असो, रोट्या तू आणि मी करायच्या, हे कोणी सांगावं लागत नव्हतं. एकीनं पीठ आपटायचं, एकीनं टाकायचं, हात भरून आले की जागा बदलायच्या. म्हणून मी नव्या मडक्यांवर विश्वास न ठेवता आपली जुनी काळी मडकी साडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन उटनूरहून निघाले. आदिलाबादला गाडी बदलली. कंडक्टर म्हणाला, खाली ठेवा, मी ठेवली नाहीत. आणि मांडवात येऊन बघते तर टोप्या घातलेले केटरर्सचे लोक, पनीर, आणि ती रुमाली रोटी. रुमालच तो, त्याला रोटी म्हणवत नाही.

तू पुढे आलीस. ऐन मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाऊज, आणि डोक्यावरून पदर, जो तू सासूसमोरही कधी घेतला नाहीस. मला वाटलं, पांढरकवड्याचे व्याही म्हणून ही मोठेपणा करून राहिली. म्हणालीस, "अक्का, तू फक्त बस. सगळं त्या लोकायले देल्लं." माझ्या मडक्यांकडे तू बघितलंही नाहीस. मी पंचशील होईपर्यंत थांबले आणि न जेवता परतीची गाडी धरली. तू हाक मारली नाहीस.

पुढच्या गुरुवारी तू वर्गात आलीस तरी मी येणार. रंगांचे पैसे मी दिले आहेत.

चंद्रभागा


उटनूर
२२ जानेवारी, गुरुवार

फुला,

जय भीम.

माझ्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. तुझ्या यजमानांनी, बाबारावांनी, फोनवर नुसता एक अंगठा पाठवला. तहसिलात एवढी नोकरी केलेला माणूस, दरखास्तीवर दोन ओळींचा शेरा तरी मारायचा होता.

आजच्या वर्गाबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. आज मॅडमनी रांधणाऱ्या माणसाचे हात काढायला सांगितले. सांगलीच्या साहेबांनी पुन्हा आंबाच काढला आणि म्हणाले, यामागे आईचे हात आहेत. ठीक आहे, त्यांची आई. पण तू आपल्या आईचं चित्र काढलंस, चुलीसमोर उभी, हातावर रोटी लोंबती, आणि हात एकच. उजवा. डाव्या बाजूला लुगड्याचा पदर ओढून मोकळी झालीस. त्यावर मॅडम केवढ्या भारावल्या. "अपूर्णतेत किती अर्थ आहे बघा." नाशिकच्या विहिणींनी टाळ्या वाजवल्या.

मी आवाज सुरू केला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "आईला दोन हात होते." तू चौकटीत खाली बघत राहिलीस. मॅडम म्हणाल्या, "चंद्रभागाताई, प्रत्येकाची आठवण वेगळी असते." आठवण वेगळी असेल, हात कसे वेगळे असतील?

तुला विसर पडला असेल तर सांगते. पीठ पातळ भिजवायचं, मिठाचं पाणी घालायचं, परातीत आपटत राहायचं, ते तारेसारखं ओढलं जाईपर्यंत. मग गोळा हातावर घ्यायचा आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलवायचा. मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून परत मनगटावर. तो आपल्याच वजनानं लांब होत जातो, आणि फाटायच्या बेतात आला की तापलेल्या मडक्यावर टाकायचा. एका हातावर घेतला तर तो फक्त खाली पडतो. हे आईनं आपल्या दोघींना एकाच उन्हाळ्यात शिकवलं, नार्नूरला, माहेरच्या घरी, मागच्या अंगणात. तुला माझ्या आधी जमलं, हेही मला आठवतं, आणि तेव्हाही मला राग आला होता.

प्रगतीचं लग्न ठरल्याचं तिनंच कळवलं. मेमध्ये आहे म्हणे. पोरगी म्हणाली, "मावशी, तू नाई आली तं मी बसणार नाई मांडवात." असली धमकी मी शाळेत खूप ऐकली आहे. तुझ्या तोंडून आमंत्रण आल्याशिवाय मी येणार नाही. आणि आले तरी रुमाल खाणार नाही. टॉवेलपेक्षा रुमाल बरा असं म्हणशील, तर तसं म्हण, पण तोंडानं म्हण.

मला काय पाहिजे ते तुला ठाऊक आहे. तू त्या दिवशी मला परक्या पाहुणीसारखं खुर्चीवर बसायला सांगितलंस. असं का, एवढंच सांग.

चंद्रभागा


उटनूर
५ फेब्रुवारी, गुरुवार

फुला,

जय भीम. अजून वर्ग सुरू व्हायचा आहे, तोवर लिहून घेते.

आज ज्याचं चित्र काढलं तो पदार्थ समोर आणायचा आहे. अंबाडी या दिवसांत मिळत नाही. म्हणून मी सकाळी परसात तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि एकटीनं रोट्या टाकल्या. एकटीनं. पीठ मीच आपटलं, मीच टाकलं. पहिली चुलीत गेली. दुसरीला मधोमध भोक. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "कोणाचं लग्न हाय जी?" मी म्हटलं, कोणाचं नाही, चित्रकला आहे. ती आत जाऊन नवऱ्याला सांगत होती, ते मला ऐकू आलं. तिसरी बरी झाली. ती परातीत झाकून ठेवली आहे आणि आता बघतेच, तू काय आणतेस ते.

(नंतर)

पत्र अर्धं ठेवून बसले होते. आता पुढचं लिहिते आहे आणि अक्षर वेडंवाकडं येतं आहे, ते सांभाळून घे.

तू काहीच आणलं नव्हतंस. मॅडमनी विचारलं तर म्हणालीस, सरपण ओलं होतं. मला वाटलं, हिनं सगळ्यांसमोर रोट्यांचा बडेजाव केला आणि आता करून दाखवायची वेळ आली तर सरपण ओलं. मी तुला बोलणारच होते. तेवढ्यात बाबारावांच्या हातून फोन निसटला. ते उचलायला वाकले, तू वाकलीस, आणि फोन खालून वर बघत राहिला. तुझी बाही वर सरकली होती. तुझा डावा हात दिसला, फुला. मनगटापासून कोपरापर्यंत सुजलेला, दुसऱ्या हाताच्या दुप्पट, आणि त्यावर कातडीच्या रंगाचा घट्ट मोजा. तू तो उजव्या हातानं झाकलास आणि पंखा आला.

मॅडम म्हणाल्या, "पंचफुलाताई, नेटवर्क गेलं का?"

मी तशीच उठले. हे काय आहे? हाताला काय झालं आहे तुझ्या? आणि ही गोष्ट मला पुण्याच्या मॅडमच्या वर्गात, फोन पडल्यामुळे कळावी?

हे पत्र टपालात पडून तुझ्याकडे यायला पाच दिवस लागतील. मी पाच दिवस थांबू शकत नाही. प्रगतीला फोन लावते आहे.


उटनूर
६ फेब्रुवारी, शुक्रवार

फुला,

काल मी शब्द मोडला आणि तुझ्याशी बोलले. फोनवर माझं सगळं सांगून झालं नाही, कारण तू रडायला लागलीस आणि मग मी. म्हणून उरलेलं लिहिते आहे.

प्रगतीला विचारलं तर ती आधी टाळायला लागली. मग म्हणाली, "मावशी, आईनं शपथ घातली व्हती." म्हणजे तिला ठाऊक. अमरदीपला ठाऊक. बाबारावांना ठाऊक. तुझ्या शेजारच्या भागाबाईलासुद्धा ठाऊक, ती डबे पुरवत होती. ठाऊक नाही ती फक्त सख्खी बहीण. छातीत गाठ निघाली, कॅन्सर म्हणाले, नागपूरला ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, त्यानं हात सुजला, औषधं चढली, केस गेले, आणि मी इकडे उटनूरला स्वेटर विणत होते. तुला भेटायला येते म्हटलं तेव्हा तू काय सांगितलंस, आठवतं? "घराले रंग देऊन राह्यलो अक्का, बसाले जागा नाई. लगनालेच ये." मी मेलीनं विश्वास ठेवला. वर, रंग कोणता देता, म्हणून विचारलं. तू पिस्ता म्हणालीस.

काल मी तुला विचारलं, "काऊन नाई सांगतलं मले?" तर म्हणालीस, "तुह्या पोटात काई रायते का, अक्का? तुले सांगतलं असतं तं तू भर मांडवात रडली असती. पोरीकडच्यायनं इचारलं असतं. अमरचं लगन मोडलं असतं."

"रडली असती," मी म्हटलं. "मंग?"



मग तू ते दुसरं बोललीस. डॉक्टरांनी सांगितलेलं, या हातानं जड उचलायचं नाही, आगीजवळ न्यायचा नाही, भाजू द्यायचा नाही. म्हणून केटरर्स. आणि मी मडकी घेऊन मांडवात उभी राहिले तेव्हा तुला बोलायलाच सुधरेना. "तू रागानं निंगाली, मले बरंच वाटलं. थांबली असती तं मी तुह्या गळ्यात पडली असती, आन् मंग सारंच भायेर आलं असतं."

म्हणजे तू मला मुद्दाम जाऊ दिलंस. मी दोन वर्षं तुझ्यावर चिडून बसले, आणि ते तुझ्या सोयीचं होतं.

मला वाईट वाटलं, फुला. रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. केस गेलेलं तुझं डोकं भागाबाईनं बघितलं. मी नाही बघितलं. लहानपणी त्या डोक्यातल्या उवा मी काढल्या आहेत. तुझ्या आजारपणात मी तुझी कोण होते, ते मला कळत नाही.

आणि राग आहेच. मी सगळ्या वर्गादेखत तुला आईचे हात मोजून दाखवले. ते बोलणं तू माझ्या तोंडून होऊ दिलंस आणि मान खाली घालून बसलीस, याचा राग तर वेगळाच ठेवला आहे. त्याचं काय करायचं ते समोर आल्यावर बघू.

रविवारी सकाळच्या गाडीनं निघते. मला आणायला कोणी येऊ नये, मी काही पाहुणी नाही. घराला पिस्ता रंग नसला तर तेही ऐकून घ्यावं लागेल.

अक्का


तलमडुगू
१५ फेब्रुवारी, रविवार

फुला,

तुझ्याच घरात बसून तुला पत्र लिहिते आहे. तू जेवून पडली आहेस, बाबाराव ओट्यावर पेपर तोंडावर घेऊन झोपले आहेत. हे तुझ्या उशाशी ठेवीन. तोंडावर सांगायला गेले तर तू आधी हसशील, मग विषय बदलशील, आणि मग मला चहा करायला पाठवशील. या आठवड्यात हे मी नीट पाहून घेतलं आहे.

आठवडाभरात तू मला पुरतं जेरीला आणलंस. मी धुणं भिजवलं की तू पिळायला बसतेस. बादलीला हात लावू नको म्हटलं की म्हणतेस, "उजव्यानंच उचलली ना." अंघोळीनंतर तो मोजा चढवून घ्यायला दहा वेळा सांगावं लागतं. शाळेत पहिलीची पोरं याहून शहाणी होती. रोट्यांच्या वेळी तुला लांब खुर्चीवर बसवलं तर तिथून हुकूम. "पातळ झालं. आपट अजून. आता टाक. आता, आता. गेली." ती गेली ती तुझ्या ओरडण्यानं गेली, हे मी मान्य करून घेतल्याशिवाय राहणार नाही. तरी प्रगतीच्या लग्नाचं ठरलं ते बरं झालं. भात-भाजी केटरर्सची, रोट्या माझ्या. पीठ आपटायला मी बाबारावांना शिकवते आहे. माणूस सगळी नोकरी शिक्के आपटण्यात घालवलेला, अगदीच वाया जाणार नाही.

गुरुवारी आपण एकाच चौकटीत बसलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अय्या, तुम्ही दोघी एकमेकींना ओळखता?" तू हसून हसून ठसका लागेपर्यंत हसलीस. मी तुझ्या पाठीवर थोपटत होते आणि मला फार बरं वाटत होतं. किती दिवसांनी, ते मोजत नाही.

आणि म्हणूनच कालचं मला सहन झालं नाही.

काल संध्याकाळी बाबाराव अंगणात फोनवर सोमवारच्या नागपूरच्या गाडीचं बोलत होते. मी तुला विचारलं, कसली गाडी? तू भाजी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "काई नाई अक्का, बँकेचं काम हाय." बँकेचं काम, आणि नागपूरला? तुझं पासबुक आदिलाबादचं.

मी बाबारावांना मागच्या दाराशी गाठलं. त्यांनी आधी तुझी शपथ सांगितली. मी म्हटलं, या घरातल्या शपथा आता पुरे झाल्या. तेव्हा ते भिंतीला टेकले आणि बोलले. "काखेत परत काईतरी हाताले लागून राह्यलं, अक्का. महिना झाला. डॉक्टरनं तुकडा काढाले बलावलं हाय. तिनं म्हटलं, अक्काले आताच काई सांगू नका. आत्ताच तं बोलाले लागली." मग ते डोळे पुसायला लागले. इतकी वर्षं त्यांना ओळखते, त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. हा माणूस हे ओझं एकटा वाहत होता, फुला, तुझ्या हुकमानं.

म्हणजे मी तुझ्या शेजारी झोपते आहे, तुझ्या ताटातलं खाते आहे, रोज तुझ्या हाताला मोजा चढवते आहे, आणि तू पुन्हा तेच केलंस.

मी भांडणार नाही. तुला बरं नसताना भांडायला मला येत नाही, हे तुला ठाऊक आहे आणि तू त्याचा फायदा घेतेस. फक्त सांगून ठेवते. माझ्या पोटात काही राहत नाही, हे खरं आहे. मी रडते, हेही खरं आहे. आई गेली तेव्हा मी रडले आणि तू सगळ्यांना चहा दिलास. मग सगळे गेल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीस. कोणीतरी रडणारं घरात असलं की दुसऱ्याला झोप लागते. तू दोन वर्षं झोपली नाहीस, हे मला बाबारावांनी सांगायची गरज नव्हती, तुझ्या डोळ्यांखाली दिसतं.

तेव्हा उद्या तुझ्याबरोबर नागपूरला मी येते आहे. बाबाराव घरी थांबतील, त्यांना मी सांगितलं आहे आणि त्यांनी हरकत घेतली नाही. डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर मी तुझ्या शेजारी बसणार. ते जे बोलतील ते तुझ्याबरोबर त्याच वेळी ऐकणार. चांगलं बोलले तरी मी रडेन, वाईट बोलले तरी रडेन, तिथंच, दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत. आणि तू मला गप्प राहा म्हणायचं नाही.

पाच वाजता उठवते. झोप तोवर.

अक्का